आधी आर-नंबर, मग ॲडव्हान्स

इंदूरच्या महाराणी रोडवर बाहेरून इलेक्ट्रॉनिक माल मागवणारा माणूस सप्लायरला पहिला प्रश्न भावाचा विचारतो आणि दुसरा, ‘बीआयएस आहे ना?’ वीचॅटवर दोन मिनिटांत ‘येस’ येतं. मागोमाग एक पीडीएफ येते, तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचं, म्हणजे बीआयएसचं, चिन्ह दिसतं, आणि तेवढ्यावर तीस टक्के ॲडव्हान्स सुटतो. त्या पीडीएफमध्ये नेमकं काय लिहिलंय, ते पहिल्यांदा नीट वाचलं जातं माल इंदूरजवळच्या तिहीच्या आयसीडीत, म्हणजे कंटेनर डेपोत, उतरल्यावर. आणि तेव्हा ते वाचणारा असतो कस्टमचा अधिकारी.

म्हणून सुरुवात त्या पीडीएफपासूनच करू.

इलेक्ट्रॉनिक आणि आयटी मालाच्या सक्तीच्या नोंदणीची योजना, म्हणजे सीआरएस, २०१२ च्या आदेशाने आली. तेव्हा यादीत १५ प्रकारच्या वस्तू होत्या. पुढे टप्प्याटप्प्याने मोबाइल, पॉवर बँक, एलईडी बल्ब, दिव्यांची झालर, सीसीटीव्ही कॅमेरे, ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस इयरफोन असं बरंच काही यादीत आलं, आणि आता २०२१ चा आदेश चालू आहे. नोंदणी झाली की ‘आर’ अक्षर आणि आठ आकडे असा नंबर मिळतो. बाजारात सगळे त्याला आर-नंबर म्हणतात.

हा नंबर वस्तूला मिळतो असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात तो एका कारखान्याला, एका पत्त्यावर, एका ब्रँडसाठी, एका वस्तुप्रकारात मिळतो, आणि त्याखाली ठरावीक मॉडेलं नोंदलेली असतात. यातलं एकही कलम बदललं तर नंबर तुमच्या कामाचा नाही. कारखाना चीनमध्येच शेंझेनमधून डोंगग्वानला हलला तर जुनी नोंदणी सोबत हलत नाही. इवूचा व्यापारी ज्या कारखान्याचा कागद दाखवतो, त्याच कारखान्यात तुमचा माल बनणार असेल असंही नाही. बहुतेक वेळा तो दुसरीकडे बनतो, कारण तिथे भाव दोन युआनने कमी असतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ ॲप घ्यायचं, आर-नंबर तपासायच्या जागी तो टाकायचा. उत्पादकाचं नाव, पत्ता, ब्रँड, वस्तू, मॉडेलं आणि नोंदणीची स्थिती समोर येते. मग प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे सप्लायरने ऑर्डरआधी दिलेलं कच्चं बिल, शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवायची. मॉडेलचं नाव अक्षरन्‌अक्षर: नोंदणीत ‘बीएस-१२’ असेल आणि खोक्यावर ‘बीएस१२ प्रो’ छापलं असेल, तर कस्टमच्या लेखी ती दुसरी वस्तू आहे. रंगासाठी जोडलेलं एखादं शेवटचं अक्षरसुद्धा क्वेरी काढायला पुरतं. नोंदणी सुरुवातीला दोन वर्षांची असते, म्हणून मुदतही पाहायची, आणि ती आजच्या तारखेला धरून नाही, तर माल बंदराला लागेल त्या तारखेला धरून.

नोंदणी कुणाची, खर्च कुणाचा

इथे आपले व्यापारी हमखास फसतात. सप्लायर म्हणतो, तुमच्याकडच्या लॅबचा आणि नोंदणीचा खर्च तुम्ही करा, मग माल देतो. आपण करतो. नोंदणी होते कारखान्याच्या नावावर. ब्रँडही त्याचाच असेल, तर पुढच्या महिन्यात त्याच आर-नंबरावर तोच माल जेल रोडचा दुसरा कुणी मागवू शकतो, तुमच्यापेक्षा स्वस्तात, कारण त्याला टेस्टिंगचा खर्च पडलेला नसतो. हे बेकायदा नाही. नोंदणी उत्पादकाची असते, आयातदाराची नसते.

त्यामुळे खिशातून पैसे घालायचेच असतील तर ब्रँड आपला ठेवावा. त्यासाठी ट्रेडमार्कचा कागद आणि कारखान्याला आपलं ब्रँड छापायची परवानगी देणारं पत्र लागतं. मध्य प्रदेशातल्या ट्रेडमार्कचं काम मुंबईच्या रजिस्ट्रीकडे चालतं. अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो; आणि नाव आधीच कुणी घेतलंय का, हा शोध डब्यावर नाव छापण्याच्या आधी घ्यायचा असतो.

परदेशी कारखान्याला भारतात एक अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, त्याला एआयआर म्हणतात. कारखान्याचं भारतात स्वतःचं ऑफिस नसलं तर बहुतेक वेळा आयातदारालाच गळ घातली जाते: ‘फक्त सही करायची आहे.’ ती सही फुकटची नाही. बाजारातून उचललेला नमुना नापास झाला तर नोटिशीवर एआयआरचं नाव येतं. बीआयएस कायदा, २०१६ च्या कलम २९ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड आहे, पुढच्या गुन्ह्यांना किमान पाच लाख, आणि दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. एआयआर व्हायचंच असेल तर ज्या कारखान्याचा माल दुसऱ्या कुणालाही विकला जाईल अशाचे होऊ नका. तुमच्या सहीवर तिसऱ्याचा माल फिरतो.

एक साधा स्पीकर उघडून पाहू

तळहातावर मावेल असा ब्लूटूथ स्पीकर. आत एक लिथियम बॅटरी, डब्यात एक चार्जर. दिसायला वस्तू एक, कागद किती लागतात पाहा.

स्पीकरची स्वतःची नोंदणी आयएस ६१६ या भारतीय मानकाखाली. आतल्या लिथियम बॅटरीची आयएस १६०४६ खाली वेगळी, आणि ज्या सेलपासून ती बनली त्या सेलचीही. डब्यातल्या चार्जरची नोंदणी वेगळी. हे आतले नंबर नसतील तर स्पीकरची नोंदणी पुढे सरकत नाही, कारण अर्जासोबत महत्त्वाच्या सुट्या भागांची यादी जाते आणि त्यात या भागांचे आर-नंबर मागतात. ब्लूटूथ म्हणजे रेडिओ लहरी, म्हणून दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मान्यता. ती ‘सरल संचार’ पोर्टलवर स्वयंघोषणेने निघते. वापरून झाल्यावर तो स्पीकर ई-कचरा होणार, म्हणून ई-कचरा नियम, २०२२ खाली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर उत्पादक म्हणून नोंदणी. त्या नियमांत आयातदारालाही उत्पादकच धरलंय. बॅटरीसाठी बॅटरी कचरा नियम, २०२२ ची नोंदणी आणखी वेगळी. आणि पाकिटावर एमआरपी छापून विकायचा, म्हणून वजनमापं खात्याची आयातदार-नोंदणी, जिला बाजारात एलएमपीसी म्हणतात.

यातलं एक कलम फार कमी लोकांना ठाऊक असतं. ईटीएसाठी लागणारा रेडिओचा टेस्ट रिपोर्ट मान्यताप्राप्त परदेशी लॅबचाही चालतो, त्यामुळे कारखान्याकडे आधीपासून असलेला रिपोर्ट कामी येतो. बीआयएसला मात्र भारतातल्या, बीआयएसने मान्यता दिलेल्या लॅबचाच रिपोर्ट लागतो. ‘आमच्याकडे युरोपचं सीई आहे, अमेरिकेचं एफसीसी आहे, सगळं आहे’ असं सप्लायर म्हणतो तेव्हा त्यातलं ईटीएपुरतं काहीतरी उपयोगी पडतं, आर-नंबरसाठी काहीही नाही.

रेडिओत फ्रीक्वेन्सीचंही पाहावं लागतं. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त आहे, ब्लूटूथ आणि वायफायचं त्यात भागतं. पण रिमोट घंटी, सेन्सर, लांब पल्ल्याचे छोटे ट्रान्समीटर यांची अमेरिकी आवृत्ती ९१५ मेगाहर्ट्‌झवर चालते, आणि तो पट्टा भारतात असा मोकळा नाही. आपल्याकडे त्या कामाला ८६५ मेगाहर्ट्‌झपासूनचा छोटा पट्टा आहे. ऑर्डर देतानाच ‘भारताची फ्रीक्वेन्सी’ असं लिहून घेतलं नाही, तर कारखाना रॅकवर जे तयार असेल ते भरून पाठवतो.

लॅबमध्ये काय नापास होतं

सगळ्यात जास्त रडवतो चार्जर. कारण सोपं आहे: एकीकडे २३० व्होल्ट, दुसरीकडे माणसाच्या हातात येणारी ५ व्होल्टची तार, आणि दोन्ही एकाच इवल्याशा सर्किटच्या पट्टीवर. आयएस १३२५२ खाली चार्जर तपासताना लॅब आधी पट्टी उघडून अंतरं मोजते. मेन्सच्या बाजूचं तांबं आणि कमी व्होल्टेजच्या बाजूचं तांबं यांच्यामध्ये पृष्ठभागावरून साधारण ५ मिलिमीटर अंतर हवं, हवेतून ४. स्वस्त पट्टीवर ते ३ भरतं. कारखान्याला हे माहीत असतं. नमुन्यात तो पट्टीला खाच पाडून अंतर वाढवतो आणि मालात खाच विसरतो. नमुना पास आणि माल नापास, असं होण्याचं हे एक नेहमीचं कारण.

दुसरी जागा, दोन्ही बाजूंना जोडणारा निळा चकतीसारखा कपॅसिटर. तो वाय-१ या सुरक्षा-वर्गाचा हवा. स्वस्तात त्याच निळ्या रंगाचा, त्याच आकाराचा साधा एक किलोव्होल्टचा सिरॅमिक बसवतात. तो फुटला तर आत शॉर्ट होतो आणि मेन्स थेट मोबाइलच्या तारेत येतं. खरा वाय कपॅसिटर ओळखायचा असेल तर अंगावर ‘वाय १’ आणि मान्यता देणाऱ्या संस्थांच्या खुणा छापलेल्या दिसतात. भिंगाने पाहिलं की कळतं. एक नमुना मागवून स्क्रू काढून पाहायला लॅबची गरज नाही.

आयएस १३२५२ आणि आयएस ६१६ या मानकांची जागा आता आयएस/आयईसी ६२३६८-१ घेतो आहे, तेव्हा नवीन टेस्टिंग करायला जाताना लॅबला आधी विचारा की कुठल्या मानकाचा रिपोर्ट काढताय. जुन्यावर काढून वर्षभरात पुन्हा खर्च नको.

एलईडी बल्ब नापास होतो तो टोपीत. आपल्याकडच्या दोन खुंट्यांच्या बी-२२ टोपीला पिळून पाहतात, ३ न्यूटन-मीटर जोराने. नुसत्या दाबाने बसवलेली, नीट न चिकटवलेली टोपी फिरते आणि आतली तार तुटते किंवा उघडी पडते. दुकानातही हा प्रयोग हाताने होतो: बल्ब होल्डरमध्ये लावून जोराने काढा, टोपी हातात डुगडुगली की तो माल घेऊ नका. लिथियम सेलच्या चाचण्या यापेक्षा क्रूर असतात. १३० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवतात, शॉर्ट करतात, चिरडतात. आग लागली किंवा फुटला तर नापास. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवीन आवरण घातलेले सेल इथे उघडे पडतात. बॅटरीच्या मालाला जहाजासाठी यूएन ३८.३ चा, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षित वाहतुकीचा, रिपोर्टही लागतो, त्याचा बीआयएसशी संबंध नाही, पण तो नसेल तर कंटेनरच हलत नाही.

लॅबचा रिपोर्ट हातात आल्यापासून ९० दिवसांच्या आत बीआयएसकडे अर्ज करायचा असतो. उशीर होतो तो कारखान्याच्या कागदांमुळे. चिनी व्यवसाय-परवान्यावरचा पत्ता आणि लॅबच्या रिपोर्टातला पत्ता यांचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं येतं, एकात ‘बिल्डिंग बी’ असतं आणि दुसऱ्यात नसतं, आणि अर्ज परत येतो. टेस्ट सुरू करण्याआधीच परवान्याचं भाषांतर मागवून तोच पत्ता लॅबला द्यावा. इंदूरच्या आयातदाराने यासाठी भोपाळच्या बीआयएस शाखेत चकरा मारू नयेत. परदेशी कारखान्यांच्या या नोंदण्या दिल्लीच्या मुख्यालयातून होतात.

शिक्का कुठे, स्टिकर कुठे

नोंदणी असूनही माल अडकतो तो छपाईमुळे. मानकचिन्ह, आयएस क्रमांक आणि आर-नंबर हे वस्तूवर कारखान्यातच यायला हवेत. आयसीडीत बसून आर-नंबरचे स्टिकर लावण्याची सोय नाही. याउलट एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, मूळ देश, ग्राहक-तक्रारीचा फोन हे वजनमापं नियमांचं लेबल कस्टमच्या ताब्यातल्या बाँडेड गोदामात, माल सुटण्यापूर्वी लावता येतं. हे दोन प्रकार लोक एकमेकांत मिसळतात आणि कस्टम हाउस एजंटला म्हणतात, ‘भिया, स्टिकर तर आहेत, लावून टाकू.’ आर-नंबरचे लावता येत नाहीत.

छपाई पुसली जाता कामा नये, हीही टेस्टच आहे. लॅब पाण्यात भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद आणि मग पेट्रोलियम स्पिरिटच्या कापडाने १५ सेकंद घासते. नमुना आला की हे घरीच करून पाहा. काळ्या प्लास्टिकवर राखाडी शाईने छापलेलं अर्धं पुसलं जातंच.

बाकीचं थोडक्यात

इस्त्री, गीझर, इमर्शन रॉड, पीव्हीसी वायर, प्लग-सॉकेट, स्विच, एमसीबी हे आर-नंबरच्या वाटेला जात नाहीत, यांना आयएसआय मार्क लागतो. परदेशी कारखान्याला तो घ्यायचा तर बीआयएसचे अधिकारी कारखाना तपासायला जातात आणि १०,००० अमेरिकन डॉलरची बँक गॅरंटी द्यावी लागते. सियागंजात पाच-दहा खोकी इस्त्र्या मागवू म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहून तो विचार सोडून द्यावा. देशी बनावटीचा आयएसआय माल घेणं परवडतं. सीलिंग फॅनही २०२३ च्या आदेशाने याच रांगेत आले. फॅन, एसी, फ्रिज, गीझर, टीव्ही, एलईडी बल्ब यांना याउपर बीईईचं, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं, स्टार लेबल सक्तीचं आहे.

सीसीटीव्हीचं वेगळं सांगायला हवं, कारण महाराणी रोडवर तो धंदा मोठा आहे. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्याला विजेच्या सुरक्षेसोबत सायबर सुरक्षेची चाचणीही द्यावी लागते: चिपपासून सॉफ्टवेअरपर्यंत. जुन्या नोंदणीची पीडीएफ पाठवणारे सप्लायर अजून आहेत. नोंदणीत ही सुरक्षा-चाचणी धरलेली आहे का, ते लेखी विचारा. राउटर आणि सिमवाले ट्रॅकर यांना दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचं प्रमाणपत्र लागतं, ते आणखी वेगळं प्रकरण.

ई-कचऱ्याची नोंदणी करून लोक विसरतात. ती नुसती नोंदणी नाही, दरवर्षीचं लक्ष्य आहे. विकलेल्या मालाचं सरासरी आयुष्य धरून तितक्या वजनाचा कचरा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडून जिरवल्याचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला हे प्रमाण ६० टक्के होतं, पुढच्या दोन वर्षांना ७० आणि २०२७-२८ पासून ८०. हा खर्च भाव काढताना नगामागे धरला पाहिजे. शिशाचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आणि कॅडमियमचं ०.०१ टक्क्याच्या आत असल्याची कारखान्याची लेखी हमीही फाइलला लावून ठेवावी.

अडकलाच तर

नोंदणी नसलेला माल आला तर आदेशात दोनच वाटा आहेत: आयातदाराने तो परत पाठवायचा, नाहीतर कस्टम तो वापरण्यालायक राहणार नाही असा मोडून भंगारात काढणार. दंड भरून सोडवता येईल ही आशा सीआरएसच्या मालात धरू नये. सेकंडहँड किंवा दुरुस्त केलेल्या मालालाही हाच नियम आहे. तोवर कंटेनरचं भाडं आणि आयसीडीचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, चालूच असतं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टमकडची नोंद, उशिरा भरली तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये लेट फी, म्हणून ती माल येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेली असावी. एका कंटेनरात दहा वस्तू असतील आणि एकीचाच आर-नंबर चुकला असेल, तरी बाकीच्या नऊ तिच्यासोबत थांबून राहतात. संशयाची वस्तू वेगळ्या बिलावर आणा. एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गाचा आकडा, बदलून ‘स्पेअर पार्ट’ दाखवायचा सल्ला कुणी देईल. त्यात माल खोटा जाहीर केल्याचं प्रकरण वेगळं लागतं.

आता दिवाळीच्या झालरीचं गणित मांडून पाहा. साधी झालर आणि रोप लाइट दोन्ही यादीत आहेत. देवास, धार, खरगोनचे घाऊक गिऱ्हाईक गणपती उठले की खरेदीला येतात, म्हणजे ऑगस्टअखेर माल गोदामात हवा. न्हावा शेवाहून रेल्वेने तिही, तिथली तपासणी आणि लेबलं मिळून पंधरा दिवस. त्याआधी समुद्रावर तीन आठवडे. त्याआधी कारखान्यात महिना. त्याआधी लॅब आणि बीआयएस मिळून दोन-अडीच महिने, एखादी क्वेरी आली तर तीन. मागे मोजत गेलात की तारीख रंगपंचमीला येते. राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, पाण्याचे टँकर फिरत असतील, त्या आठवड्यात झालरीचे नमुने कुरिअरमध्ये असले पाहिजेत, सोबत लॅबच्या टेस्ट रिक्वेस्टची प्रत आणि परवान्यावर आहे त्याच स्पेलिंगचा पत्ता.